पुण्यात झोपणारी माणसं गावच्या खात्यात मोजायची का?

धुऱ्यावरचा

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज डोक्याला ताप झाला म्हणून धागा काढतोय.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, बाभूळगाव तालुका. दहा एकर कोरडवाहू. पऱ्हाटी, तूर, थोडं सोयाबीन. मागच्या खेपेला गावच्या पोरांनी उभं केलं आणि चुकून निवडून आलो, म्हणून ग्रामपंचायत सदस्य.

तर झालं असं. २०२१ ची जनगणना राहिली ती राहिलीच, आता २०२७ च्या फेब्रुवारीत माणसं मोजणार आहेत. मासिक सभेत विषय निघाला. वित्त आयोगाचा पैसा मुख्यतः लोकसंख्येच्या हिशेबानं येतो आणि ती लोकसंख्या अजून २०११ चीच धरतात. गाव तेव्हा भरलेलं होतं. आज खरा आकडा लिहिला तर निधी घटणार. शाळेचा पट आधीच चौदावर आलाय, त्यात गावच लहान ठरलं तर पुढचं काही मागायला तोंड उरणार नाही. म्हणून एक जण म्हणाला, "जे पुण्या-नागपूरले आहेत त्याईच्या घरच्याईले सांगा, सगळी नावं इथंच लिहा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

संध्याकाळी पारावर मतदार यादी घेऊन बसलो. सहज, आपल्याच वॉर्डाची. सोबत एक म्हातारे काका होते, त्यांना कोण कुठे आहे ते तोंडपाठ. मी नाव वाचायचं, त्यांनी सांगायचं. पुणे. पुणे. चाकण. इथंच. नागपूर. मेला. पुणे. सुरत. इथंच. लग्न होऊन गेली. भोसरी. दुसऱ्या पानावर पेनाची शाई संपली, तरी काका सांगतच होते.

घरं सगळी उभी आहेत हो. काहींना नवे पत्रे टाकलेत, पुण्याच्या पैशातून. पण दारांना कुलपं. दिवाळीला उघडतात, चार दिवस गाव गजबजतं आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सवाला हॉर्न मारतो.

सगळे बोलतात ते शहराच्या बाजूनं: गर्दी वाढली, लोंढे आले, पाणी पुरत नाही. या टोकाला उभं राहिलं की वेगळंच दिसतं. सांगा, त्या सभेत मी मान डोलावली ते बरोबर केलं का?

सडेतोड

भाऊ, बरोबरच केलं. मुंबईले पाणी पायजे त सगळे जागे होते, आमच्या नालीले पैसे पायजे त कोणी नाई. लिहा बाप्पा सगळ्यायचे नावं. मेलेले सोडून. 😄

आकडेबहाद्दर

निवृत्त शिक्षक आहे. २००१ आणि २०११, दोन्ही वेळा प्रगणक होतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. सोसा.

आधी नियम. २०११ ला आम्हाला शिकवलं होतं की माणूस सामान्यपणे जिथे राहतो तिथे मोजायचा. गणनेच्या काळात जो पूर्ण वेळ गावाबाहेर आहे त्याचं नाव गावच्या घरात घ्यायचं नाही, मग त्याचं रेशन कार्ड, सातबारा, मतदार यादी काहीही म्हणो. आणि जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा १९४८ च्या जनगणना कायद्यानं गुन्हा आहे. आता कोणाला शिक्षा झाल्याचं मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही, पण सदस्यानंच सभेत तसं सांगणं शोभत नाही, एवढं म्हणतो.

आता आकडे, कारण 'लोंढा' हा शब्द मला खुपतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्र वाढला १६ टक्के. पुणे जिल्हा ३० टक्के, ठाणे ३६ टक्के. ठाणे तर १ कोटी १० लाखांवर जाऊन देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा झाला होता, मग २०१४ ला पालघर वेगळा काढला. त्याच काळात तुमचं यवतमाळ १२.८, शेजारचा वर्धा जिल्हा ५.२, भंडारा ५.६ टक्के. भंडाऱ्यात काय माणसं जन्मायची थांबली नव्हती. जन्मलेली माणसं गाडीत बसली होती. महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात वर्धा-पुलगाव-धामणगावला चढून पुण्याला उतरणारी गर्दी मी पंचवीस वर्षं पाहतोय. आधी पोत्यांवर बसून जायची, आता पाठीवर बॅग असते, एवढाच फरक.

पण शहर फुगतं ते सगळं आमच्या पोरांमुळे असंही नाही. शहराची वाढ तीन वाटांनी होते. तिथे जन्मलेली पोरं, बाहेरून आलेली माणसं, आणि तिसरी वाट कोणी बोलत नाही ती: गावालाच शहर म्हणायला लागायचं. पाच हजारांवर वस्ती, चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी पाऊण हिस्सा शेतीबाहेर, की जनगणना त्या गावाला शहरात धरते, तिथे सरपंच असला तरी. अशी 'जनगणना शहरं' २००१ मध्ये देशात १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. शिवाय हद्दवाढ. पुणे महापालिकेनं २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं पोटात घेतली. त्या गावातली आजी चुलीपुढून हलली नाही आणि रात्रीतून पुणेकर झाली.

मुंबईकर_तिसरी_पिढी

आकडे बाजूला ठेवा. कधी सकाळी आठच्या लोकलमध्ये चढून बघा. शहराला मर्यादा असते. गावात राहून काही करता येत नाही का? समृद्धी महामार्ग झाला, वीज आहे, इंटरनेट आहे. प्रत्येकानं इथेच यायला पाहिजे असं कुठे लिहिलंय?

आकडेबहाद्दर

साहेब, मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा, २००१ ते २०११ मध्ये साडेसात टक्क्यांनी घटला. ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आला. उपनगर आठ टक्के वाढलं. वाढलं ते ठाणं, कल्याण, वसई, नवी मुंबई. तुमच्या लोकलमधली गर्दी नवी आलेली नाही, मुंबईतून भाड्यानं आणि भावानं हुसकलेली आहे. तीच रोज कामाला परत येते. मुंबईच्या हद्दीत राहिलेल्यांपैकी २०११ ला ४२ टक्के झोपडपट्टीत होते.

सडेतोड

"गावात राहून काही करता येत नाई का" 😂

येते ना भाऊ, करून रायलो ना. हिशेब सांगतो. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५ च्या हंगामात क्विंटलले ८,११० होता. सरकारी केंद्रावर ओलावा मोजते, नोंदणी मागते, नंबर लावते. खेड्यावर व्यापारी येते तो हमीभावाच्या खालीच घेते. वर ऐन हंगामाच्या तोंडावर, ऑगस्टात, बाहेरच्या कापसावरचं आयात शुल्क माफ केलं, ते डिसेंबरपर्यंत. वेचाईले बाई भेटत नाई, मेळघाटातून नाई त मध्यप्रदेशातून मजूर आणा, त्याईले धान्य द्या, राहाले जागा द्या. म्हंजे आमचा पोट्टा चाकणले दुसऱ्याचं काम कराले जाते आन आमच्या वावरात दुसऱ्याचा पोट्टा येते. तुमी म्हणता गावात राहा. राहाले काय, राहातोच आमी.

कोराडीकर

याला एक जोड. चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. कोराडी, खापरखेडा वेगळे. कोळसा आमचा, राख आमच्या छपरावर, आणि मुंबई-पुण्याच्या लिफ्टा चालतात. मुंबईच्या पाण्याचंही तेच. भातसा, तानसा शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात त्याच शहापूरच्या पाड्यांवर टँकर. शहर मोठं होतं ते नुसत्या माणसांनी नाही.

(नागपूरही मोठं होताना हेच करतं, माहीत आहे. पेंचचं पाणी आधी शहराला, मग शेतीला. घरचा आहेर समजा.)

वाकडचा_वऱ्हाडी

धागाकर्त्याला आधी नमस्कार. मी तुमच्या यादीतला 'पुणे' आहे. गाव वेगळं, आर्णीकडचं, पण तोच.

२०१४ ला डिप्लोमा करून आलो. पहिली तीन वर्षं चाकणला ठेकेदाराकडून कामाला, मग परमनंट झालो, दुसरीकडे. आता वाकडला वन बीएचकेमध्ये आम्ही सहा जण. दोन वर्ध्याचे, एक दारव्ह्याचा, एक वाशीमचा, एक लातूरचा, त्याला आम्ही परदेशी म्हणतो. शिफ्टा वेगळ्या म्हणून झोपायला जागा पुरते.

आता गंमत ऐका. घरमालकानं भाडेकरार केला तो दोन नावांवर. सोसायटीत नोंद दोघांची. का, तर टँकरच्या पाण्याचा खर्च माणशी वाटतात आणि 'बॅचलर' जास्त दिसले की सोसायटी कटकट करते. त्यामुळे चौघं आम्ही त्या इमारतीत राहतच नाही. वॉचमनला ठाऊक आहे, लिफ्टला ठाऊक आहे, कागदाला ठाऊक नाही. प्रगणक दारात आला तर मालक आधीच फोन करून सांगणार, दोघंच सांगा.

म्हणजे काका, गावाकडे मी खोटा मोजला जाणार आणि माझ्या घरात मी मोजलाच जाणार नाही.

आणि याचा फटका कोणाला? खडकवासल्यातून पुण्याला किती पाणी द्यायचं ते लोकसंख्येवर ठरतं, आणि जलसंपदा खातं आणि पालिका यांचे आकडे कधी जुळत नाहीत. पालिका म्हणते माणसं जास्त आहेत, खातं म्हणतं दाखवा. दाखवणार कुठून, आम्ही तर कागदावर यवतमाळ जिल्ह्यात झोपतो. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी त्या भागात जीबीएस नावाच्या नसांच्या आजाराची साथ आली, पाण्यातून आली असं पुढे आलं. तिथेच तर ती नव्यानं घेतलेली गावं आहेत. माणसं भराभर आली, शुद्धीकरणाची सोय मागे राहिली. माझा चुलतभाऊ तिकडेच राहतो. पंधरा दिवस विकतच्या जारचं पाणी उकळून पीत होता.

पारावरचा_टवाळ

हिंजवडी इतकी वर्षं ग्रामपंचायतीच्याच हद्दीत आहे ना? म्हणजे पोरगा एका ग्रामपंचायतीतून निघून, शेकडो किलोमीटर जाऊन, दुसऱ्या ग्रामपंचायतीत लॅपटॉप उघडतो. निधी तिकडच्या सरपंचाला द्या नाहीतर इकडच्या, पैसा ग्रामविकासातच राहील. 😄

सडेतोड

@वाकडचा, तुझं पटलं लेका. पण तुमी सगळे तिकळे मोजल्या गेले त इकळे काय उरन? २००८ ची मतदारसंघांची पुनर्रचना ध्यानात हाये का? ६६ आमदार होते विदर्भाचे, ६२ झाले. ठाण्याचे १३ चे २४ झाले. आता हे जनगणना झाली का पुन्हा तेच. नागपुरात अधिवेशन भरवून काय फायदा, आवाज कराले माणसं त पायजे.

आकडेबहाद्दर

हा मुद्दा वजनाचा आहे, हसण्यावारी नेऊ नका. ती पुनर्रचना २००१ च्या आकड्यांवर झाली होती. मुंबईतही तसंच: एकूण ३४ च्या ३६ जागा झाल्या, पण शहर जिल्ह्याच्या १७ च्या १० आणि उपनगराच्या १७ च्या २६. माणूस हलला की खुर्ची हलते. तरीही सडेतोडराव, एका गावानं शे-दीडशे नावं फुगवून आमदार वाचत नाही. सगळीच गावं फुगवणार, मग प्रमाण जिथल्या तिथेच.

माहेर_दिग्रस

सगळे बापे बोलून राहिले म्हणून थोडं लिहिते. मी अंगणवाडीत आहे.

धागाकर्ते दादा, तुम्ही यादी वाचली तेव्हा 'लग्न होऊन गेली' असंही एक नाव आलं ना? तिच्यासाठी थांबलात का? देशात घर सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसांत सर्वांत जास्त बाया आहेत, आणि कारण लग्न. पोरीची पाठवणी झाली की सहा महिन्यांत रेशन कार्डातून नाव कमी. तिचं नाव इथं लिहून निधी वाढवू असं कोणत्याच सभेत कोणी म्हणत नाही. पोरगा दहा वर्षं पुण्यात राहिला, तिकडे त्याला लेकरू झालं, तरी तो 'गावचाच'. म्हणजे पोरी जातात आणि पोरं फक्त बाहेर असतात.

दुसरं. पोरी पुण्याला का जातात तेही ऐका. आमच्याकडे स्थळ आलं की पहिला प्रश्न, नोकरी कुठं? वावर किती हा दुसरा, आणि वावर पाहिजे ते पोरानं कसायला नाही, नावावर असायला. गावात राहून शेती करणारे पस्तीशीचे पोरं बिनलग्नाचे बसले आहेत, एकेका गल्लीत तीन-तीन. त्यांच्या आया मला विचारतात, "ताई, तुमच्या ओळखीत आहे का कोणी?" मी तरी कुठून आणू? माझ्याच पोरीनं सांगितलंय, नागपूर चालेल, त्याच्या अलीकडचं नको. आणि मी तिला नाही म्हटलं नाही.

लोकसंख्या वाढते म्हणून ओरड करणाऱ्यांसाठी: महाराष्ट्रात बाईमागे सरासरी मुलं आता १.७. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत आहे. दोनाच्याही खाली. माझ्या अंगणवाडीत एवढ्यात एकच नवीन नाव आलं, त्याचंही बारसं इथं झालं आणि बाळ तिसऱ्या महिन्यात भोसरीला गेलं. लसीकरणाचं कार्ड माझ्याकडून, डोस तिकडे. एका डोसची तारीख चुकली म्हणून मीच व्हिडिओ कॉलवर त्याच्या आईला रागावले.

कोराडीकर

ताई, +१. 'पोरी जातात आणि पोरं फक्त बाहेर असतात' हे वाचून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, आता कळलं का.

मुंबईकर_तिसरी_पिढी

मी जरा तावात लिहिलं होतं. आमचे आजोबा अकोल्याहून आलेले, गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर वडिलांना घेऊन गावी परत जायचं म्हणत होते, पण गावात तोपर्यंत घर भावकीनं वाटून घेतलेलं. त्यांना परत जायला जागा ठेवली नव्हती कोणी. तुमच्या गावात निदान कुलपं तरी आहेत.

वाकडचा_वऱ्हाडी

कुलपाचं बरोबर आहे. बाबांनी माझी खोली तशीच ठेवलीय. सध्या तिच्यात तुरीची पोती असतात, मी येणार म्हटलं की दोन दिवस आधी काढतात. मागच्या वेळी पलंगावर झोपलो तर गादीत तुरीचे दाणे. आई म्हणाली, राहू दे, तू गेल्यावर पुन्हा ठेवायचीच आहेत.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला मात्र मला न्यायला गाडी येते. पुण्याहून, फुकट, जेवणासकट. दोन पॅनल असले तर दोन गाड्या. तेव्हा मी गावचा असतो.

पारावरचा_टवाळ

कोणत्या गाडीत बसतोस?

वाकडचा_वऱ्हाडी

एसीवाल्या. मत कोणाला देतो ते विचारू नको.

आकडेबहाद्दर

एक व्यवहाराचं सांगतो. मतदार यादी वेगळी, रेशन वेगळं, जनगणना वेगळी. रेशन आता पुण्यातही उचलता येतं, कार्ड गावचं असलं तरी. जनगणनेत तुम्ही पुण्यात नोंदलात म्हणून गावच्या सातबाऱ्यावरून नाव उडत नाही. ही भीती मी दोन्ही वेळा दारोदार ऐकली आहे. एका म्हातारीनं तर मला २०११ ला मुलाचं नाव लिहिलं नाही म्हणून पाणी विचारलं नाही. "तू माझ्या पोराला परका केला," म्हणाली. मी नियम सांगितला. तिला नियमाशी काय देणं. शेवटी फॉर्म बाजूला ठेवून मी माझ्या वहीच्या मागच्या पानावर त्याचं नाव लिहिलं आणि तिला दाखवलं, तेव्हा चहा मिळाला. ते पान कुठेच जमा करायचं नव्हतं.

शिवाय या वेळी ऑनलाइन स्वतःची माहिती स्वतः भरायची सोय आहे. वाकडच्या भाऊंनी तोच मार्ग बघावा, मालकाला विचारायची गरज नाही. भरलेली माहिती गोपनीय असते, सोसायटीच्या सेक्रेटरीला ती मिळत नाही.

वाकडचा_वऱ्हाडी

हे बरं सांगितलं. बाकी पाचही जणांना आज रात्री सांगतो. तसे सहा एकदम रविवारीच जागे असतात.

धुऱ्यावरचा

मंडळी, दोन आठवड्यांनी लिहितोय. मध्ये तुरीची सोंगणी होती.

ग्रामसभा झाली. मी ठरवून गेलो होतो की उभं राहून आपला शब्द मागे घ्यायचा. आकडेबहाद्दर सरांचा नियम कागदावर उतरवून नेला होता, ताईंचा मुद्दाही. पण बोलायची वेळ आली तेव्हा सभेत नवा फाटा फुटलेला. ग्रामसेवक म्हणाले, अंदाज घेऊ, प्रत्येक घरानं उठून सांगा घरात माणसं किती. सगळे फुगवून सांगायला लागले. एकाच्या घरात नऊ, एकाच्या घरात अकरा. ज्याच्या दाराला दिवाळीपासून कुलूप त्याच्याही भावानं उठून सहा सांगितले. लोक हसत होते, ग्रामसेवक लिहीत होते.

मी सांगायचं राहून गेलं तुम्हाला. माझा मोठा मुलगा नागपूरला आहे, मिहानमध्ये. सूनही तिकडेच. सभेत मान डोलावली तेव्हा मी त्यांना धरूनच पाच म्हणत होतो. पारावर यादी वाचली त्या दिवशी त्याचं नाव आलं तर काका काही बोलायच्या आत मीच "इथंच" म्हणून पुढे गेलो होतो.

आमच्या घराची पाळी आली. मी उठलो, कागद खिशातून काढत होतो. तेवढ्यात बायांच्या बाजूनं आमच्या घरची मंडळी बसल्या जागेवरून म्हणाली, "तीन. मी, हे, आन् सासूबाई."

ग्रामसेवकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिहा.